पाण्याखालचा हिशेब, मनगटावर

स्कूबाचं कार्ड हातात पडलं, आता पहिला डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायचाय? फीचर्सच्या यादीत हरवण्याआधी हे वाचा. कारण हे यंत्र तुम्ही पाण्यातून बाहेर आलात तरी कामावरच असतं. आणि परतीच्या वाटेवर घाट लागतो, तेव्हा तर त्याच्याकडे बघायलाच हवं!

मुक्ताईनगरहून समुद्र गाठायचा तर कुठल्याही दिशेने तीनशे किलोमीटरच्या वर प्रवास आला. तापी-पूर्णेच्या संगमाजवळचं हे गाव, जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही एदलाबाद. मुक्ताई, चांगदेवाचं देऊळ, केळीच्या बागा आणि हतनूर धरणाचं बॅकवॉटर ही इथली ओळख. पण समुद्र लांब असला तरी इथल्या पोरांना पाण्याचं वावडं नाही. पाठीला डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचं, हा खान्देशातला जुना स्विमिंग क्लास! मग 'तळाची माती काढून दाखव' अशा पैजा लागतात, खाली जाताना कानात दडे बसतात आणि पाण्याला वजन असतं हे फिजिक्सच्या पुस्तकाआधीच कळतं.

हीच पोरं-पोरी आता पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत कॉम्प्युटरसमोर बसलेली असतात. 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' २०११ साली आला आणि स्कूबा डायव्हिंग हा श्रीमंतांचा परदेशी शौक न राहता 'आपणही करू शकतो यार' या यादीत जाऊन बसला. परदेशात जायचीही गरज उरली नाही. मालवण-तारकर्ली आहे, गोव्याचं ग्रँड आयलंड आहे, कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी आहे आणि सुट्टी मोठी असेल तर अंदमान. तारकर्लीला तर एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी खास संस्थाच आहे. त्यामुळे वीकेण्डला बॅग भरून निघालेल्या ग्रुपमध्ये एखादा रावेरचा, एखादी यावलची आणि एखादा मुक्ताईनगरचा सापडला तर आश्चर्य वाटायला नको.

पहिल्यांदा जाता तेव्हा इन्स्ट्रक्टर तुमचा हात धरून दहा-पंधरा मिनिटं खाली नेतो, मासे दाखवतो, फोटो काढतो आणि वर आणतो. त्या ट्राय डाइव्हसाठी तुम्हाला काहीही विकत घ्यायची गरज नाही. पण काही जणांना चटक लागते. ते तीन-चार दिवसांचा ओपन वॉटर कोर्स करतात, १८ मीटरपर्यंत जायचं कार्ड मिळवतात आणि लगेच प्रश्न पडतो, आता स्वतःचं काय घ्यायचं? मास्क आणि फिन्स तर झाल्या. पुढचं नाव हमखास येतं ते डाइव्ह कॉम्प्युटरचं. आणि मग इंटरनेटवर रात्र रात्र रिव्ह्यू वाचणं सुरू!

गोटी सोडा आणि हाल्डेनच्या बकऱ्या

हे यंत्र नेमकं करतं काय, ते आधी समजून घेऊ. कारण ते कळलं की निम्मी खरेदी झालीच म्हणून समजा.

आपण जी हवा घेतो तिच्यात जवळजवळ चार पंचमांश नायट्रोजन असतो. जमिनीवर त्याचा काही त्रास नाही. पण समुद्रात दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. दहा मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट, तीस मीटरवर चौपट. दाब वाढला की नायट्रोजन रक्तात आणि शरीरात जास्त विरघळायला लागतो. खाली असेपर्यंत काही जाणवत नाही. प्रश्न वर येताना येतो. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी बसलेली असते तोवर आतलं पाणी शांत. गोटी दाबली रे दाबली की फसफसून बुडबुडे! डायव्हर घाईघाईने वर आला तर त्याच्या अंगातही असेच बुडबुडे होऊ शकतात. त्यालाच डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात, डायव्हर मंडळींच्या भाषेत 'बेंड्स'. सांधे दुखतात, मुंग्या येतात, अंगावर चट्टे उठतात, चक्कर येते. प्रकरण गंभीर असेल तर अर्धांगवायूपर्यंत जातं.

यावरचा पहिला शास्त्रशुद्ध हिशेब ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन याने मांडला. ब्रिटिश नौदलासाठी त्याने बकऱ्यांना दाबाच्या चेंबरमध्ये ठेवून प्रयोग केले आणि १९०८ साली पाणबुड्यांसाठी तक्ते छापले. त्याची मूळ कल्पना आजही टिकून आहे. सगळं शरीर एकाच वेगाने नायट्रोजन घेत नाही आणि सोडत नाही. घरातली पाण्याची भांडी डोळ्यासमोर आणा. तांब्या नळाखाली धरला की लगेच भरतो आणि लगेच रिकामा होतो. कळशीला वेळ लागतो. गच्चीवरची टाकी भरायला तास लागतात आणि रिकामी व्हायलाही तेवढेच. रक्त म्हणजे तांब्या. चरबी आणि सांधे म्हणजे टाकी. हाल्डेनने अशी पाच भांडी धरली होती. पुढे झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी सोळा धरली आणि आजचे बरेचसे कॉम्प्युटर त्याच सोळा भांड्यांचा हिशेब करतात.

१९८०च्या दशकात मनगटावरचे, खिशातले कॉम्प्युटर येईपर्यंत डायव्हर छापील तक्ते वापरत. तक्ता सांगतो, १८ मीटरवर पहिली डाइव्ह असेल तर ५६ मिनिटं. पण तक्ता असं धरून चालतो की तुम्ही सगळा वेळ १८ मीटरवरच होता. प्रत्यक्षात तुम्ही पाच मिनिटं खाली असता आणि बाकी वेळ दहा-बारा मीटरवर मासे बघत फिरता. कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी खोली मोजतो, सगळ्या भांड्यांचा हिशेब मांडतो आणि सांगतो, 'या खोलीवर अजून इतकी मिनिटं राहिलास तरी वाटेत न थांबता वर जाता येईल.' या आकड्याला नो-डीको टाइम म्हणतात. नव्या डायव्हरने तो शून्याच्या जवळपासही जाऊ द्यायचा नाही. सोबत तो वर येण्याचा वेगही बघतो. मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा जास्त वेगाने वर आलात तर बोंब मारतो. आणि शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपचं घड्याळ लावतो.

खरंच घ्यायची गरज आहे का?

प्रामाणिक उत्तर, सगळ्यांनाच लगेच नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या डाइव्हज बहुतेक उथळ असतात. दहा मीटरवर तक्ता तब्बल २१९ मिनिटं देतो. तेवढ्यात तुमच्या सिलिंडरमधली हवा कधीच संपलेली असते. वर्षातून एकदा मालवणला दोन डाइव्हज एवढाच प्लॅन असेल तर भाड्याचा कॉम्प्युटर पुरे. ते पैसे अजून चार डाइव्हजवर खर्च करा, त्यातून जास्त शिकाल.

पण नेत्राणीला किंवा अंदमानला सलग तीन दिवस, दिवसाला दोन-तीन डाइव्हज, वीस मीटर किंवा त्याहून खोल असा बेत आखलात की गोष्ट बदलते. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्या डाइव्हला तुमच्या 'टाकीत' आधीच्या दोन दिवसांचं थोडं पाणी उरलेलं असतं. ते किती, हे फक्त त्या यंत्राला माहीत असतं जे तीनही दिवस तुमच्या हातावर होतं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं प्रवाळांचं पठार आहे. त्याचा माथाच पाण्याखाली वीसेक मीटरवर. तिथे पोचायचं स्वप्न बघणाऱ्याने हिशेब शिकूनच ठेवावा.

नवरा-बायकोतही शेअरिंग नको!

ग्रुपमध्ये हमखास एक आयडिया निघते. 'दोघांत मिळून एक घेऊ, तसेही आपण बरोबरच असतो ना?' मैत्रीत डबा शेअर करा, बाइक शेअर करा, फ्लॅटचं भाडं शेअर करा. डाइव्ह कॉम्प्युटर नाही. दोघं शेजारी पोहत असले तरी एक जण मासा बघायला दोन मीटर खाली जातो, दुसरा वर थांबतो. हिशेब वेगळा झाला. सकाळी एकाने वापरला आणि दुपारी दुसऱ्याने, तर दुपारच्या माणसाच्या नावावर सकाळच्या माणसाचा नायट्रोजन चढला. आणि सकाळच्या माणसाने दुपारी कॉम्प्युटरशिवाय उडी मारली, तर त्याचा हिशेब कोणाकडेच नाही. साखरपुडा झालेला असो नाहीतर लग्नाला दहा वर्षं झालेली असोत, प्रत्येकाचा कॉम्प्युटर वेगळा. आणि पाण्यात दोघांचे आकडे वेगळे दिसले तर ज्याचा कमी वेळ दाखवतो, त्याचं दोघांनी ऐकायचं.

दुकानात काय बघायचं?

आता शॉपिंग. इथे आपण मोबाइल घेताना करतो तेच करायला जातो, फीचर्स मोजतो. त्याऐवजी हे बघा.

स्क्रीन. सगळ्यात आधी हीच. मालवणच्या पाण्यात कधी पाच मीटर पुढचं दिसतं, कधी तेवढंही नाही. खाली गेल्यावर लाल रंग आधी नाहीसा होतो, उजेड कमी होतो आणि तुमच्या मास्कवर थोडं धुकं असतं. अशा वेळी एका नजरेत तीन आकडे दिसायला हवेत, खोली, गेलेला वेळ आणि उरलेला नो-डीको टाइम. मोठे, ठळक आकडे असलेला साधा काळा-पांढरा डिस्प्ले हा गर्दी झालेल्या रंगीत स्क्रीनपेक्षा चांगला. चष्मा असलेल्यांनी तर दुकानात चष्मा काढून बघावं.

बटणं. एका बटणाचा कॉम्प्युटर स्वस्त आणि सुटसुटीत. पण मेन्यूत एक पायरी चुकली की पूर्ण फेरी मारून परत यावं लागतं. दोन ते चार बटणं असतील तर सेटिंग सोपं. दुकानदाराला सांगा, 'मॅन्युअल बाजूला ठेवा, मला नायट्रॉक्सचं सेटिंग स्वतः करून बघू द्या.' जमलं तर यंत्र तुमचं.

बॅटरी. दोन पंथ आहेत. एक, नाण्याच्या आकाराची बॅटरी घरच्या घरी बदलता येणारे. क्रेसीचा लिओनार्डो, सुंटोचा झूप नोवो, मारेसचे पक मालिकेतले मॉडेल या पंथातले. जळगावच्या किंवा मालवणच्या बाजारातही नवी बॅटरी मिळू शकते, फक्त बदलताना रबरी ओ-रिंगवर केस किंवा वाळूचा कण राहू देऊ नका. दुसरा पंथ चार्जिंगवाल्यांचा. शिअरवॉटरचा पेरेग्रिन, गार्मिनचे डाइव्ह वॉच वगैरे. स्क्रीन झकास, पण बोटीवर चार्जर विसरलात तर संपलं. ज्यांची बॅटरी बदलायला कंपनीकडेच पाठवावी लागते, ते पहिल्या खरेदीत टाळलेलेच बरे. ऐन सीझनमध्ये यंत्र कुरिअरमध्ये अडकतं.

नायट्रॉक्स. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वाढवून, म्हणजे नायट्रोजन कमी करून तयार केलेला गॅस. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणावर १८ मीटरला तक्ता ५६ ऐवजी ९५ मिनिटं देतो. पण त्याला खोलीची मर्यादा असते, साधारण ३३ मीटर. हल्ली जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये नायट्रॉक्स मोड असतो. आज तुम्ही तो कोर्स केलेला नसेल, पण सहा महिन्यांनी कराल. तेवढ्यासाठी नवीन यंत्र घ्यायला लागू नये.

एअर इंटिग्रेशन. सिलिंडरला ट्रान्समीटर लावायचा आणि उरलेली हवा मनगटावर बघायची. दिसायला कूल, खिशाला जड. नव्या डायव्हरला प्रेशर गेज हातात धरून बघायची सवय आधी लागू द्या. हे पहिल्या कॉम्प्युटरमध्ये नसलं तरी काही बिघडत नाही.

कडक मास्तर की सैल मास्तर?

दोन कंपन्यांचे कॉम्प्युटर एकाच हातावर बांधून खाली गेलात तरी ते वेगवेगळी मिनिटं दाखवतात. कारण प्रत्येकाचं गणित थोडं वेगळं. सुंटो आणि क्रेसीच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये आरजीबीएम नावाची पद्धत असते. ती लागोपाठच्या डाइव्हजना, एकदम वर-खाली करणाऱ्यांना जरा कडक वागवते. शिअरवॉटरसारखे कॉम्प्युटर ब्यूलमानची पद्धत वापरतात आणि तिला किती कडक करायचं ते तुमच्या हातात देतात. त्यात लो, मीडियम, हाय असे पर्याय येतात. इथे 'हाय' म्हणजे जास्त सावध, जास्त मिनिटं नव्हे! बरेच जण इथे फसतात.

'जो जास्त वेळ देतो तो भारी' असं समजून घेऊ नका. कोणत्याही गणिताला तुमचं शरीर माहीत नसतं. नव्याने शिकलेल्याला, वजन थोडं वाढलेल्याला, दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याला कडक मास्तरच बरा. त्या पाच-सात मिनिटांत समुद्र काही वेगळा दिसत नाही.

अजून एक गोष्ट विचारून घ्या. वर येताना सक्तीचा स्टॉप चुकवलात तर काही कॉम्प्युटर रुसून बसतात आणि २४ किंवा ४८ तास नुसती खोली आणि वेळ दाखवतात, हिशेब करून देत नाहीत. चिडू नका. ते सांगतंय ते बरोबरच आहे. त्या दिवशी पाण्यात परत जायचं नसतं.

मग माझं स्मार्टवॉच का नको?

हा प्रश्न येणारच. तुमच्या घड्याळावर 'वॉटर रेझिस्टंट ५० मीटर' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ते स्विमिंग पूलमध्ये खराब होणार नाही एवढाच. नायट्रोजनचा हिशेब त्याला येत नाही. याला अपवाद आहेत. गार्मिनच्या डिसेंट मालिकेतली घड्याळं मुळातच डाइव्ह कॉम्प्युटर आहेत. २०२२ साली आलेलं अ‍ॅपल वॉच अल्ट्रा योग्य अ‍ॅप टाकलं की ४० मीटरपर्यंत डाइव्ह कॉम्प्युटरचं काम करतं. पण त्या अ‍ॅपच्या हिशेबासाठी पैसे भरावे लागतात आणि दिवसभर मेसेज, कॉल आणि स्टेप्स मोजून बॅटरी अर्धी झालेलं घड्याळ घेऊन बोटीवर चढायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. घड्याळ आधीच हातावर असेल तर ठीक. फक्त डायव्हिंगसाठी म्हणून घेणार असाल तर त्यापेक्षा साधा कॉम्प्युटर बरा.

बजेट

परदेशातल्या किमती बघितल्या तर साधे कॉम्प्युटर दोनशे-तीनशे डॉलरच्या आसपास, रंगीत मोठ्या स्क्रीनचे पाचशेच्या आसपास आणि घड्याळाच्या आकाराचे, ट्रान्समीटर घेणारे हजाराच्या पुढे. भारतात ड्युटी आणि टॅक्स जोडून त्याहून जास्त पडतात. कोणी दुबईहून किंवा सिंगापूरहून येताना आणतो म्हणाला तर स्वस्त पडेल, पण वॉरंटी इथे चालते का ते आधी विचारा. सेकंडहॅण्ड घेताय? बॅटरीचं झाकण उघडून आत गंज आहे का बघा. आणि भाड्याचा घेताय तर आधीच्या माणसाच्या डाइव्हज त्यात शिल्लक आहेत का, हे लॉगबुक उघडून तपासा.

पहिल्या अप्रेझलच्या पैशात सगळ्यात महागडं मॉडेल घेऊन वर्षातून दोनदा पाण्यात जाण्यापेक्षा, साधं घेऊन सहा वेळा जाणारा डायव्हर चांगला होतो. त्याला आपल्या यंत्राचा प्रत्येक बीप ओळखता येतो.

घाट लागतो तिथे

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्रोशरमध्ये हे कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं आणि आपल्या महाराष्ट्रात मात्र ते मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

डाइव्ह संपल्यावर स्क्रीनवर विमानाचं चिन्ह आणि काही तासांचा आकडा दिसतो. 'इतके तास विमानात बसू नका.' विमानाच्या केबिनमध्ये दाब कमी असतो. म्हणजे गोटी परत थोडी दाबली जाते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा सल्ला असा, एकच साधी डाइव्ह झाली असेल तर किमान १२ तास, रोज किंवा लागोपाठ डाइव्हज झाल्या असतील तर किमान १८ तास थांबा आणि सक्तीचे स्टॉप घ्यावे लागले असतील तर त्याहूनही जास्त. चिपीला २०२१ साली विमानतळ झाला, मोपाला २०२३ पासून विमानं सुटायला लागली. सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी फ्लाइट हा मोह त्यामुळे वाढला. तो टाळा.

पण आपल्यातले बहुतेक जण विमानाने जातच नाहीत. गाडी काढतात. त्यामुळे ते चिन्ह बघून म्हणतात, 'आपण कुठे उडतोय?' इथेच गडबड आहे. १२ आणि १८ तासांचा तो सल्ला ६१० मीटरच्या उंचीपासून लागू होतो. आता नकाशा बघा. मालवणहून आंबोली घाट चढलात की तुम्ही ६९० मीटरवर. फोंडा किंवा गगनबावडा घेतलात तरी समुद्रकिनाऱ्यावरून दोन-तीन तासांत सहाशेच्या आसपास. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे सात टक्के कमी. विमानाच्या मानाने थोडा, हे खरं. एक उथळ डाइव्ह करून दुसऱ्या दिवशी घाट चढणाऱ्याला घाबरायचं कारण नाही. पण दोन दिवसांत पाच डाइव्हज, शेवटची रविवारी अकरा वाजता, जेवून एकला गाडीत आणि तीन वाजता घाटमाथ्यावर चहा? हा बेत बदला. सोमवारचं ऑफिस वाट बघेल.

मुक्ताईनगरला घरी जाणाऱ्याचा हिशेब करून बघू. रविवारी सकाळी अकराला शेवटची डाइव्ह. संध्याकाळी कुडाळहून कोकण रेल्वेची रात्रीची गाडी. कोकण रेल्वे किनारपट्टीच्या बाजूने जाते, त्यामुळे रात्रभर तुम्ही फार उंच जात नाही आणि झोपेत तुमची 'टाकी' आरामात रिकामी होत राहते. सोमवारी सकाळी मुंबई, तिथून भुसावळची गाडी. कसारा घाट चढून इगतपुरीला, म्हणजे सहाशे मीटरच्या आसपास पोचेपर्यंत शेवटच्या डाइव्हला वीस तास उलटून गेलेले असतात. पुढे उतार. भुसावळ पुन्हा २०९ मीटरवर. म्हणजे रेल्वेचा लांबचा, कंटाळवाणा वाटणारा रस्ताच इथे शहाणपणाचा ठरला! पुण्याला जाणाऱ्यांनाही तोच नियम. लोणावळा ६२२ मीटरवर आहे.

सोपा उपाय असा. डायव्हिंग ट्रिपच्या सुरुवातीला ठेवा, शेवटच्या दिवशी नाही. शेवटचा दिवस सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी, बाजारातून काजू-कोकम घेण्यासाठी आणि सुरमईच्या थाळीसाठी. गाडीनेच जायचं असेल तर घाटालाही विमानच समजा.

कॉम्प्युटरला काय कळत नाही

त्याला खोली कळते आणि वेळ कळतो. शुक्रवारी रात्रीच्या बसमध्ये तुम्ही झोपलाच नाहीत, हे कळत नाही. शनिवारी रात्री बिअर किती झाली, हे कळत नाही. उन्हात बोटीवर बसून पाणी प्यायला नाहीत, हे कळत नाही. म्हणून आकडा हिरवा असला तरी अंगाचं ऐका आणि वेळ शिल्लक ठेवून वर या.

आणि विहिरीत शिकलेल्या आपल्या खान्देशी पोहणाऱ्यांसाठी खास सूचना. दम धरून बुडी मारायची सवय स्कूबामध्ये विसरा. सिलिंडरची हवा घेताना श्वास कधीही धरून ठेवायचा नाही. वर येताना फुफ्फुसातली हवा फुगते आणि श्वास धरला तर फुफ्फुसाला इजा होते. ही चूक कोणताही कॉम्प्युटर पकडत नाही.

बाहेर आल्यावर काही तासांत, अगदी दुसऱ्या दिवशीसुद्धा, खांदा किंवा गुडघा विनाकारण दुखायला लागला, मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले तर 'सिलिंडर उचलल्यामुळे असेल' म्हणून तेल चोळत बसू नका. डाइव्ह सेंटरला फोन करा, शुद्ध ऑक्सिजन मागा आणि ताबडतोब डॉक्टर गाठा. पुन्हा पाण्यात जाऊन 'उतरवायचा' प्रयत्न तर मुळीच नको. यावरचा खरा उपचार रीकम्प्रेशन चेंबरमध्ये होतो आणि असे चेंबर देशात मोजकेच. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या आयएनएचएस अश्विनीच्या आवारात, अंदमानात आयएनएचएस धन्वंतरीमध्ये. मालवण ते मुंबई म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटर. तेवढं अंतर डोळ्यासमोर ठेवलं की पाच मीटरवरची ती तीन मिनिटं लांब वाटत नाहीत.

पैसे मोजण्याआधी सहा प्रश्न

१. चष्म्याशिवाय, हात लांब धरून तिन्ही मुख्य आकडे एका नजरेत दिसतात का?

२. बॅटरी मला स्वतःला बदलता येते का? चार्जिंगचा असेल तर पूर्ण चार्जवर किती डाइव्हज होतात?

३. नायट्रॉक्स मोड आहे का आणि त्याचं सेटिंग मला मॅन्युअलशिवाय जमलं का?

४. सावधपणाची पातळी वाढवता येते का? आणि तीनशे मीटरपेक्षा उंचावरच्या तलावासाठी उंचीचं सेटिंग कसं करायचं?

५. वॉरंटी आणि सर्व्हिस भारतात कुठे मिळते?

६. माझा नेहमीचा बडी किंवा इन्स्ट्रक्टर कोणता वापरतो? तोच घेतलात तर पाण्याखाली एकमेकांचा स्क्रीन वाचता येतो आणि शिकवायला माणूस फुकट मिळतो.

घेतल्यावर पहिली डाइव्ह समुद्रात नको, सोफ्यावर बसून करा. डाइव्ह प्लॅनरमध्ये १२, १८ आणि २५ मीटरचे आकडे बघा, अलार्म वाजवून ऐका. मग पुलात. मग मालवणात. प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्याने धुवा. यंत्र बंद पडलंच तर घाबरून न जाता हळू वर या, सेफ्टी स्टॉप घ्या आणि २४ तास पाण्याबाहेर राहा.

थोडक्यात काय, तुम्हाला चटकन वाचता येतो आणि तुम्ही ज्याचं ऐकता, तो कॉम्प्युटर चांगला. पुढच्या दिवाळीत घरी भरिताची पार्टी असेल तेव्हा तो हातात घालूनच जा. काका विचारतील, 'हे एवढं मोठं घड्याळ कशाला रे?' त्यांना विहिरीतले कानाचे दडे आठवून द्या, त्यांना बरोबर समजेल.